शनिवारचं वेळापत्रक

मंगळवारी डॉक्टरबाईंनी फाइल मिटली आणि सांगितलं, आता औषधांनी तिला नुसता त्रासच होईल, तिला आवडेल ते करा. मला त्यांचा असा संताप आला की टेबलावरचं काहीतरी उचलून फेकावंसं वाटलं. आवडेल ते करा म्हणे! माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला काय आवडतं ते मला तुमच्याकडून कळायचं होतं का? तिला थीम पार्क आवडतो. न बघताच आवडतो. टीव्हीवर ती पाण्यात धपकन पडणारी होडी दिसली की हातातला घास हातातच राहायचा. दोन वर्षं आम्ही तिला ‘बरी झालीस की जाऊ’ म्हणत आलो होतो. आता त्यातलं ‘बरी झालीस की’ एवढं गाळायचं होतं.

शनिवार ठरला. त्याच्या पुढच्या शनिवारचा भरवसा कुणीच देत नव्हतं.

मी बस डेपोत वेळापत्रकं लावते. कुठली गाडी कधी सुटेल, चालक जेवणार कधी, गाडी बंद पडली तर बदली कुठून, एवढ्यात माझं डोकं चालतं, बाकी आनंदच आहे. त्यामुळे मी रडत न बसता कागद पुढ्यात घेतला. सातला दुखणं कमी करायचं औषध, सव्वासातला निघणं. गर्दी व्हायच्या आत आपण आत. साडेनऊला सावलीत वीस मिनिटं आडवं पडणं. प्रत्येक खेळानंतर दहा मिनिटं मोकळी. ताप चढला तर काय, नाकातून रक्त आलं तर काय, जवळचा दवाखाना कुठला, सगळं समासात. चार वेळा कागद फाडला, पाचव्यांदा लिहिला. कागदावर शनिवार नीट बसला तर तो खरंच नीट जाईल, असं मला वाटत होतं. वेड्यासारखं वाटत होतं, पण वाटत होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यानं पार्कात फोन लावून तिथल्या माणसाला पाऊण तास पिळून काढलं. होडी खाली येते तेव्हा हिसका केवढा बसतो, ब्रेक शेवटचे कधी तपासले, पट्टा पोटावर येतो की छातीवर. आमच्या मुलीला नुसतं उचलून घेतलं तरी बोटांचे काळेनिळे वळ उठतात. शेवटी त्यानं होडीवर काट मारली आणि बदकांची गाडी ठेवली. मी त्याच्यावर तुटून पडले. दोन वर्षं ती काय बदकांसाठी थांबली होती? तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला.

मुलीला आम्ही लवंगी म्हणतो. एवढीशी मूर्ती आणि जिभेला ही धार. गुरुवारी दुपारी तिला बातमी दिली तेव्हा मला वाटलं, ती घर डोक्यावर घेईल. तिनं एवढंच विचारलं, तिथे फोटो काढणार का. मी म्हटलं, शंभर काढू. तशी ती भिंतीकडे तोंड करून पडली. रात्री जेवली नाही. दमली असेल, म्हणून आम्ही एकमेकांची समजूत घातली.

शुक्रवारी सकाळी तिचा एक बूट गायब. नवऱ्याला तो कपडे धुवायच्या यंत्रात सापडला, ओल्या चादरीखाली खुपसलेला. माझा तोल सुटला. आजारी लेकरावर आई ओरडत नाही म्हणतात, मी ओरडले. आम्ही इथे जिवाचं रान करतोय आणि तुला खोड्या सुचतायत, असं काय काय बोलले.

ती शांत होती. “मला नाही जायचं.”

“अगं, पण तूच तर मागं लागली होतीस ना?”

“तिकडं गेलं की फोटो लागतो,” ती म्हणाली.

दवाखान्यात वॉर्डाच्या दाराशी एक फळा आहे. मोठ्या सिस्टर हौशी. वॉर्डातलं जे मूल पार्कात जाऊन येतं त्याचा फोटो त्या तिथे लावतात, भोवती रंगीत कागदाची चौकट करून. दर आठवड्याला आम्ही त्या फळ्यासमोरून जायचो. तुझाही लागेल हं इथे, असं मीच तिला म्हटलं होतं.

“खिडकीवाली ताई गेली, तिचा लागला,” ती एकेक बोट दुमडत मोजत होती. “जुळ्यांतली एक गेली, तिचा लागला. मग त्या आल्याच नाहीत. त्यांच्या कॉटवर दुसरी मुलं आली.”

कुठली गाडी गेली आणि कुठली परत आली, हे रोज बघायचा मी पगार घेते. तो फळा मला वाचता आला नाही. अक्षरओळख नसलेल्या पोरीनं तो वाचला होता.

“त्या बऱ्या होऊन घरी गेल्या,” मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज नेहमी जास्तच गोड होतो.

“बरं झालं की सगळे टाळ्या वाजवतात,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी कुणीच नाही वाजवल्या.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो हातातला ओला बूट शर्टाला पुसत होता, पुसतच राहिला.

ती पलंगावरून उतरली, कपाटाशी गेली आणि दवाखान्याची पिशवी ओढत आणून माझ्या पायाशी ठेवली. सुई टोचायची म्हटलं की हिला धरायला तीन माणसं लागत. एका सिस्टरच्या मनगटावर हिच्या दातांची खूण आहे. ती माझ्यासमोर खुर्चीवर चढून बसली आणि डावी बाही कोपराच्या वर सरकवली.

“इकडची शीर अजून चांगली आहे,” ती म्हणाली, सिस्टर म्हणतात तशीच. “शनिवारी आपण दवाखान्यातच जाऊ. बाबानं धरायला पण नको. मी हलणार नाही, आई.”

तिनं हात माझ्यापुढे लांब केला, मूठ घट्ट आवळली. आणि खरंच, तो हात जराही हलत नव्हता.