लसावि सरांना मदत हवी

शाळेत त्यांचं खरं नाव फक्त मस्टरला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते लसावि सर. लघुतम साधारण विभाज्य शिकवताना त्यांना असा काही रंग चढायचा की एका वर्षी सातवीच्या पोरांनी तो शब्द त्यांच्या गळ्यात घातला, आणि तो तिथेच राहिला. विज्ञानाचे सर त्यांना तोंडावर लसावि म्हणत. बायको फक्त रागावली की म्हणे.

सत्तावीस वर्षं गणित शिकवून झालं होतं, निवृत्तीला चौदा महिने उरले होते. निकाल चांगला, तब्येत बरी, गुडघे सोडले तर तक्रारीला जागा नाही. पण सरांना एक इच्छा छळत होती आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. कोणीतरी यावं, आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसावं आणि आपला तास बघावा, असं त्यांना वाटायचं.

एखाद्या शिक्षकाने ही इच्छा शिक्षकखोलीत बोलून दाखवली असती तर लोकांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं असतं. तिथे 'आज तपासणी आहे' एवढं म्हटलं तरी धडधाकट माणसांच्या पोटात कळ येई. पण सरांना तपासणी नको होती. त्यांना बाकबाई हव्या होत्या.

बाकबाई येऊन गेल्याला आता अकरा वर्षं झाली. गणिताच्या शिक्षकांना मदत म्हणून मार्गदर्शन केंद्र त्यांना दर गुरुवारी पाठवायचं. कापडी पिशवी मांडीवर घेऊन त्या शेवटच्या बाकावर बसायच्या. तासभर चकार शब्द नाही. पहिल्या दिवशी सरांनी घाबरून पंचेचाळीस मिनिटांचा धडा बावीस मिनिटांत उरकला आणि उरलेला वेळ फळा पुसला. तास संपल्यावर बाईंनी ना शाबासकी दिली, ना सूचना. खिडकीशेजारच्या मुलाची वही तेवढी पुढे केली. त्याने ०.४५ ही संख्या ०.६ पेक्षा मोठी लिहिली होती.

"चुकलंय," सर म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण त्याला काय दिसलं असेल?"

सर वहीकडे बघत राहिले. पंचेचाळीस हे सहापेक्षा मोठे, हे पोराला दिसलं होतं. आणि ते खोटं थोडंच होतं? इतकी वर्षं सर त्या उत्तरावर फुली मारत आले होते. फुलीच्या खाली कोणीतरी विचार करत बसलेलं असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि रात्रीचं जेवण नीट गेलं नाही.

दोन वर्षं गुरुवार असे गेले. मग योजना संपली. तिचं नाव बदललं, बोधचिन्ह बदललं, बाकबाई निवृत्त होऊन लेकीकडे कुठेतरी लांब गेल्या. सरांनी होत्या त्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते 'सदर व्यक्ती येथे राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. सरांनी तो शेरा दोनदा वाचला, उदाहरणातली एखादी दिलेली माहिती सुटली असावी तसा.

त्यानंतर मदत थांबली म्हणाल तर तसं नाही. मदतीचा पूर आला. फक्त ती आता पडद्यावरून येऊ लागली. 'आनंददायी गणिताचे सात स्तंभ' ही नव्वद मिनिटांची चित्रफीत, पुढे ढकलता न येणारी. शिक्षकखोलीत ती फोनवर लावून ठेवत आणि सगळे चहा पीत. दर दहा मिनिटांनी पडद्यावर 'आपण पाहत आहात ना?' असं यायचं. ज्याचा हात कोरडा असेल तो 'होय' दाबायचा. शेवटी सात स्तंभ ओळखले की प्रमाणपत्र. सरांकडे अशी एकोणीस होती. त्यांतल्या सहांवर त्यांचं नाव चुकलं होतं आणि एकावर ते श्रीमती होते.

अशात या वर्षी सहावीत एक पोरगी आली.

अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. सरांची रीत ठरलेली: दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. फळ्यावर सहा अष्टमांश भागिले दोन चतुर्थांश. पोरीने काहीच उलटं केलं नाही. वरच्या सहाला वरच्या दोनाने भागलं, खालच्या आठाला खालच्या चाराने, आणि तीन छेद दोन लिहून मोकळी झाली. उत्तर बरोबर. सरांचा लाल पेन हवेतच राहिला.

"असं कसं केलंस गं?"

"गुणाकारात वरचे वर, खालचे खाली, असं तुम्हीच सांगितलंत ना सर? मग भागाकाराने कोणाचं घोडं मारलंय?"

 सरांनी शिक्षकखोलीत विषय काढला. विज्ञानाचे सर म्हणाले, "उत्तर आलं ना, लसावि? झालं तर मग. तुझं आपलं जेवल्यावर भूक कुठे गेली ते शोधत बसणं." घरी बायकोने मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "अहो, बत्तीस वर्षांच्या संसारात तुम्ही माझ्याबद्दल एवढे प्रश्न विचारले नाहीत," ती म्हणाली आणि कुकरकडे वळली.

बाकबाई असत्या तर त्यांनी पोरीला बघितलं असतं. ती पहिली पायरी पटकन लिहायची, मग पेन्सिलीचं टोक ओठावर टेकवून थांबायची, छताकडे बघायची आणि मग दुसरी लिहायची. त्या थांबण्यात काहीतरी होतं. फळ्याशी उभ्या माणसाला बावन्न डोकी सांभाळायची असतात. त्याला ते जेमतेम डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं. मागे बसलेल्याला ते निवांत दिसलं असतं, आणि तास संपल्यावर ते दोघांचं झालं असतं.

एका सोमवारी केंद्राकडून प्रपत्र आलं. 'गणित शिक्षक स्वयंमूल्यमापन.' चाळीस प्रश्न, प्रत्येकापुढे एक ते पाच यांपैकी आकडा लिहायचा. खाली एक ओळ होती: 'ज्या शिक्षकांना गरज आहे त्यांच्या वर्गात सहा गुरुवार साहाय्यक प्रत्यक्ष येऊन बसतील.'

'येऊन बसतील' या शब्दांवर सरांची नजर बसली ती उठेना.

गरज दाखवायची होती, तेव्हा सरांनी कंजुषी केली नाही. विषयाचं ज्ञान: एक. फळ्याचा वापर: एक. मुलांच्या चुका समजून घेणे: एक. बायको चष्मा लावून मागून बघत होती.

"अहो, हे धडधडीत खोटं आहे."

"स्वतःबद्दल वाईट लिहिलं तर त्याला खोटं म्हणत नाहीत. नम्रता म्हणतात."

"मग माझ्या स्वयंपाकाबद्दल बोलता तेव्हा काय असतं?"

एकोणचाळीस प्रश्नांना एक देऊन सर शेवटच्यावर अडले. 'विद्यार्थ्यांबद्दल आपुलकी.' इथे एक लिहायला हात धजेना. त्यांनी दोन लिहिले आणि प्रपत्र पाठवून दिलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सरांनी शेवटचा बाक पुसून घेतला. तो हलायचा, म्हणून पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. येणारा माणूस कसा असेल, काही विचारेल की नुसताच ऐकेल, याचा विचार करत ते गुरुवारी बरा शर्ट घालू लागले. पाच गुरुवार शर्ट वाया गेला. सहाव्या आठवड्यात मुख्याध्यापिका बाईंनी खोलीत बोलावलं.

"अभिनंदन, सर!"

"माझ्याकडे येतंय का कोणी?" सरांचा आवाज जरा वर गेला.

"येतंय कसलं? तुम्ही जाताय! साहाय्यक म्हणून निवड झाली तुमची. साऱ्या विभागात तुमच्याइतकं चांगलं प्रपत्र कोणाचं नाही."

सरांनी कागद हातात घेतला. सूचना क्रमांक तीन: 'एक म्हणजे सर्वोत्तम, पाच म्हणजे तातडीच्या मदतीची गरज.' सत्तावीस वर्षं ते प्रत्येक परीक्षेआधी पोरांना ओरडून सांगत आले होते, आधी सूचना वाचा रे, सूचना! खाली लाल अक्षरांत केंद्राचा शेराही होता: 'विद्यार्थ्यांबद्दल आपुलकी: सुधारणेस वाव.'

सरांनी केंद्रात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुम्ही आहात त्यापेक्षा वाईट असल्याचं कळवलं होतं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"आणि आता तुम्ही आहात तितके चांगले नाही, हे कळवायचंय?"

"तसंच काहीतरी."

"सर, दुरुस्तीचा रकाना आहे, पण तो वर जायचा. खाली यायला आजवर कोणी मागितलाच नाही. सहा गुरुवार आहेत हो फक्त. जाऊन या."

सर गेले. शाळा दोन बस थांबे पुढे होती. वर्गातल्या बाईंना नोकरीला लागून दोन वर्षंही झाली नव्हती, आणि सरांना दारात बघून त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. पाचवीचा वर्ग. सर शेवटच्या बाकावर बसले, म्हणजे गुडघे एकीकडे आणि उरलेले सर दुसरीकडे असे मावले. बाकबाईंचे गुडघे कसे होते, हे आपण दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्यांच्या मनात गुरुवारभर काय साठत असेल, त्या ते कोणाला सांगत असतील, हेही नाही.

वर्गातल्या बाईंनी घाईघाईत धडा संपवला आणि फळा पुसायला घेतला. सरांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

पोरं बाहेर गेल्यावर बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "सर, फॉर्मवर काय लिहिणार? माझं अजून कायम व्हायचंय."

"फॉर्म राहू द्या. हे बघा." सरांनी शेजारच्या मुलीच्या वहीतली ओळ दाखवली. आठ अधिक चार बरोबर चौकट अधिक पाच. मुलीने चौकटीत बारा लिहिले होते.

"तिचं लक्षच नसतं, सर."

"लक्ष नसतं तर कुठलाही आकडा आला असता. बाराच का आले?"

 बाई पुढच्या बाकावर बसल्या, उलट्या तोंडाने, पोरं बसतात तशा. "आठ आणि चार बारा... म्हणजे बरोबरचं चिन्ह आलं की तिला वाटतं, आता उत्तर लिहायचं. पुढचे पाच तिला दिसतच नाहीत." त्यांनी वही स्वतःकडे ओढली. "अगं बाई! हे तर अर्ध्या वर्गाला वाटत असेल. मीच 'बरोबर किती?' असं ओरडत असते दिवसभर."

त्यांचं फॉर्मकडचं लक्ष उडालं होतं. हे लक्ष उडणं सरांनी ओळखलं. ते त्यांच्याच घरचं होतं. मग त्यांनाही राहवलं नाही. ते उठले, खडू घेतला आणि 'माझ्या सहावीतल्या एका पोरीचं हे' म्हणत तिचा भागाकार फळ्यावर मांडला.

"येतं की बरोबर," बाई म्हणाल्या. "पण नेहमी येईल? पाच सप्तमांश भागिले दोन तृतीयांश घ्या. पाचाला दोनाने... अडीच. झाला घोटाळा."

"तिथेच मी अडलोय."

"थांबा हं." बाईंनी खडू त्यांच्या हातातून जवळपास हिसकावलाच. "पाच सप्तमांशला आधी वरखाली सहाने गुणून फुगवून घेतलं तर? तीस छेद बेचाळीस. तीसला दोनाने पंधरा, बेचाळीसला तिनाने चौदा. पंधरा छेद चौदा! सर, उलटा करून गुणलं तरी तेच येतंय!"

दोघंही लहान पोरांसारखे फळ्याकडे बघत उभे राहिले. शिपायाने दारात किल्ल्या वाजवल्या, मग आणखी जोरात वाजवल्या.

"काय डोकं आहे हो पोरीला! कशी करते ती हे?" बाईंनी विचारलं.

"पहिली पायरी पटकन लिहिते. मग पेन्सिल अशी ओठाला लावून..." सरांनी खडू ओठाला लावून दाखवला आणि थांबले. दाखवण्यासारखं ते नव्हतंच. मिशीला खडू लागला, एवढंच झालं. उत्तर तर मिळालं होतं, चोख मिळालं होतं. तरी ज्याच्यासाठी जीव तुटत होता ते अजून तिकडे सहावीच्या वर्गातच होतं, तिसऱ्या रांगेत, आणि ते बघितलेलं कोणी नव्हतं.

पिशवी उचलता उचलता बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या तासाला कोण येतं?"

"माझ्या? नाही कोणी."

"मग मी येऊ? आठवड्याला छत्तीस तास आहेत, मोकळा एकही नाही. पण तीन किरकोळ रजा उरल्यात. भावाच्या लग्नाला ठेवल्या होत्या, त्यातली एक टाकते. मला त्या पोरीला बघायचंय."

सरांच्या छातीत काहीतरी उडी मारून उठलं. या की, असं त्यांच्या जिभेवर आलं. पण चारचौघांत वाढलेल्या माणसाची जीभ, तिला वळण वेगळंच लागलेलं. पानात आवडीचा पदार्थ पुन्हा वाढायला कोणी आलं की आपण पानावर हात आडवा धरतो, त्या सुरात ते म्हणाले,

"नको, नको. रजा कशाला मोडता? भावाचं लग्न आहे. नको."

"बरं," बाई म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी मात्र नक्की या हं, सर. मी वाट बघते." आणि त्या जिना उतरून गेल्यासुद्धा.

बसमध्ये सरांना खिडकीची जागा मिळाली. बाहेर दुकानांच्या पाट्या जात होत्या, त्यांतली एकही त्यांनी वाचली नाही. बाईंनी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. एकदाच. 'येतेच मी, सर,' एवढं जरी म्हणाल्या असत्या तरी आपण हात बाजूला केला असता. पण त्यांचा तरी काय दोष? सत्तावीस वर्षं आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचवायची सवय. 'नको'सुद्धा तसंच गेलं होतं, खणखणीत, कोणालाही शंका राहणार नाही असं.