तीन नंबरचा ओंडका

"एक वार... दोन वार..." नाहूरच्या पालिका शाळेच्या मैदानात लिलाव पुकारणाऱ्याचा तो खडा आवाज लवूकाकांच्या कानात अजून होता. तिसरा वार पडायच्या आधीच व्यापाऱ्यांचं टपरीवर सगळं ठरलेलं असायचं. चौघं गप्प, एकाचीच बोली. शाळेला लाकडातलं काय कळणार? लाकूडवाल्या विद्याधरशेठचा मापारी लवू सांगेल तेच कागदावर चढायचं.

आज त्याच मैदानात वादळात पडलेल्या झाडांचे अकरा ओंडके ओळीनं निजले होते. नव्या मुख्याध्यापिका नीलमबाईंनी पुकारा बंद करून विक्री ऑनलाइन आणली होती. प्रत्येक ओंडक्याचा नंबर, घेर, लांबी, फोटो. घरबसल्या कुणीही बोली लावावी, अगदी कुडाळच्या सुतारानंसुद्धा.

लाकूड ओळखायला काकांना बोलावून, पदर खोचून बाई स्वतः फीत धरत होत्या. तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा बुंध्याला हात लावत होत्या. काका बघतच राहिले. चाळीस वर्षं लाकूड मोजलं, पण त्याला असं गोंजारणारं कुणी भेटलं नव्हतं.

"काका, हात चालवा. चारला यादी बंद होते. मग ब्रह्मदेव आला तरी अक्षर बदलत नाही!"

"बाई, तुम्ही तर आमच्या शेठलोकांची दुकानदारीच बसवलीत."

"बसलेलीच बरी!"

काका कसेबसे हसले. सकाळीच विद्याधरशेठचा फोन आला होता. "लवू, तीन नंबर साधं जंगली लाकूड सांग, जळाऊ भावात सुटेल. आपलं जुनंच ठरलेलं आहे." त्याच शेठच्या पगारावर काकांचं घर उभं राहिलं होतं.

"तीन नंबर जंगलीच ना?" बाईंचं बोट मोबाइलवर थांबलं. चारला दहा मिनिटं कमी होती. "मला सगळी लाकडं सारखीच दिसतात हो. तुमच्यावर सोडलंय."

जे कळत नाही ते कळत नाही असं इतक्या सरळ सांगणारी बाई! काकांनी रुमाल ओला केला, ओंडक्याच्या तोंडावरची माती पुसली. आतून जांभळट काळी वलयं उजळली.

"थांब गो बाय," काकांची जीभ थेट गावाला गेली. "ह्या जंगली नाय. शिसव आसा."

बाईंचे डोळे चमकले. पण काका वर बघेनात.

"आणि बारा वर्सांमागे हयसून एक ओंडको जळाव म्हणान गेलो, तो पण शिसवच होतो. माका म्हायत होता. मीच खोटा सांगलंय."