भोकरदनचं नाव

"भोकरदनचं नाव काढून टाक," रामराव म्हणाले आणि बेबीनंदाची कानशिलं तापली.

नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीत रामराव मॅनेजर होते आणि बेबीनंदा एकटी कॉम्प्युटर इंजिनियर. २००७ चा उन्हाळा होता. लोडशेडिंगनं सगळा जिल्हा कावून गेला होता. तालुक्याच्या डेपोंवरचे कॉम्प्युटर यूपीएसवर तग धरायचे. बॅटरी संपत आली की कॉम्प्युटरनं काम नीट मिटवून आपणहून बंद व्हावं आणि जालन्याला तसा इशारा यावा, ही सोय तिनं आधी एकेका डेपोला एसटीनं जाऊन हातानं बसवली होती. तिची पाठ फिरली की कोणीतरी काहीतरी बदलून ठेवायचं. शेवटी तिनं पपेट नावाचं सॉफ्टवेअर आणलं. आता नियम जालन्यातल्या एकाच मशीनवर लिहायचा आणि खाली डेपोंची नावं घालायची. नाव असलेल्या डेपोचे कॉम्प्युटर तो वाचून स्वतःला तसं लावून घेत, आणि कोणी मोडलाच तर थोड्या वेळात पुन्हा जागेवर आणत.

भोकरदनचा डेपो तातेरावांकडे होता. ते मालकांचे साडू. त्यांनी कॉम्प्युटरच्या यूपीएसलाच कूलर अन् टीव्ही जोडला होता. लाइट गेली की बॅटरी बघता बघता उतरायची आणि कॉम्प्युटर स्वतःला बंद करून घ्यायचा. तातेरावांनी ती आपोआप बंद होण्याची सोयच काढून टाकली. पपेटनं परत लावली. त्यांनी पुन्हा काढली, पुन्हा लागली. मग त्यांनी रामरावांना फोन केला.

"साहेब, कूलर काढायला सांगा. मशीनचं काही चुकून न्हाई राह्यलं," बेबीनंदा म्हणाली.

"मला समजतं गं. पण ते पाहुणे आहेत मालकांचे. त्यांच्या तोंडी कोण लागणार? एका डेपोनं काय बिघडतं?"

"बिघडलं तर?"

"तर बघू."

तिनं नाव काढलं. की-बोर्डवर बोटं इतक्या जोरानं आपटली, की शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट मान वळवून बघू लागला.

मिरगाच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्याची बुकिंग सुरू झाली. माल कमी, मागणी फार. सकाळी डेपोवर नाव सांगायचं आणि दुपारी पिशव्या न्यायच्या, असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी भोकरदनला लाइट गेली, कूलरनं बॅटरी ओढून घेतली आणि चालता कॉम्प्युटर धाडकन बंद पडला. लाइट आल्यावर तो सुरूच होईना. सकाळपासून लिहिलेली सगळी नावं त्याच्या पोटात अडकली. रामरावांनी बेबीनंदाला कंपनीच्या जीपमध्ये घालून पाठवलं.

ती पोचली तेव्हा माणसं उन्हात ताटकळत उभी होती आणि दारात तातेराव त्यांना सांगत होते, "जालन्याच्या मॅडमनं काहीतरी नवीन बसवलं, त्यानं घोटाळा झाला. आता नावं नव्यानं घ्यावी लागतीन. ज्यांचा नंबर लागन त्यांना माल."

गर्दीतली झुंबरबाई पुढं आली. कडेवर लेकीचं पोर होतं. "मी पहाटचीच आल्ते बाप्पा. तुम्हीच नाव लिहिलं न माझं. आता परत मागं उभं राहू?"

बेबीनंदा आत गेली. कूलर गारेगार हवा फेकत होता. तिनं त्याचा प्लग उपटला, मग टीव्हीचा, आणि दोन्ही वायरी मागोमाग आत आलेल्या तातेरावांसमोर टेबलावर आणून टाकल्या.

"मी बसवलं होतं ते तुम्ही काढायला लावलं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या पायरीपर्यंत ऐकू जात होता. "ते असतं तर एक नाव गेलं नसतं. आता ह्या लोकांना खोटं नका सांगू."

"कोणाशी बोलून राह्यली तू, समजतं का?"

"बराबर समजतं."

ती दारात येऊन उभी राहिली. "सकाळी ज्यांनी नाव सांगितलं ते इकडं या. तुम्हीच सांगा, कोण आधी आलं, कोण नंतर."

"उद्या कोणी खोटं बोललं मंग?" तातेराव मागून म्हणाले.

"आतापर्यंत इथं एकच माणूस खोटं बोलला," ती म्हणाली. तातेराव मागच्या खोलीत जाऊन फोन फिरवू लागले.

थोडी कुरबूर झाली, एकमेकांची आठवण दुरुस्त झाली आणि रांग लागली. झुंबरबाई पुढून तिसरी निघाली. गोदामातला हमाल पिशव्या काढून देऊ लागला. मागून आलेल्या सगळ्यांना पुरलं नाही. माल मुळातच तेवढा नव्हता. पण सकाळी आलेला कोणी रिकामा गेला नाही.

तेवढ्यात रामरावांचा फोन आला. "तू तातेरावांना चारचौघांत बोलली म्हणं. मालकांना काय सांगू मी?"

"खरं सांगा. कोणी नाव काढायला लावलं तेही सांगा. आणि साहेब, भोकरदनचं नाव मी परत घालून राह्यले. पुन्हा काढायचं असलं तर तुम्ही स्वतः काढा."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तिला कोणी कामावरून काढलं नाही. भोकरदनला कूलरसाठी वेगळी लाइन ओढली गेली. माफी तिच्याकडे कोणी मागितली नाही, आणि रामराव कामाखेरीज बोलायला आले की ती स्क्रीनवरून नजर उचलत नसे. पावसाळा सरला तरी तिचा राग गेला नव्हता. तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.