विलायती गाडीचं मिसिंग

ताकारीच्या फाट्यावर गॅरेज चालवणारा नाथाजी फाळके जगात दोनच प्रकारची माणसं मानायचा. एक तो स्वतः, फौजेत गाड्या दुरुस्त केलेला, आणि दुसरे उरलेले सगळे गाढव. एकाहत्तरच्या लढाईत आपण चिखलात रुतलेले ट्रक कसे चालू केले, हे ऐकवल्याशिवाय तो कुणाच्या गाडीला पाना लावत नसे.

कुंडलचे लालासाहेब त्याच्या लेखी पहिल्या नंबरचं गाढव. उसाचा पैसा हातात आला तशी त्यांनी मुंबईहून दोन कार्बोरेटरची विलायती गाडी उचलली. का, तर कराडचे पाहुणे रस्त्यात मागं पडावेत! ती सुसाट गाडी आता तिसऱ्यांदा मिसिंग मारत दारात आली होती. आठ-दहा दिवस बरे जायचे, मग चढ लागला की ठसकायची, धक्के द्यायची.

"नाथाजीराव, आज निकाल लावा," लालासाहेब बाहेर खुर्ची ओढून बसले. "खोट गाडीत हाय का ह्या ड्रायव्हरच्या पायात? ह्येच्यात आसंल तर ह्यो आजच घरी."

ड्रायव्हर बादशहा कावराबावरा झाला. शिराळ्याला त्याच्या जिवावर सगळं घर बसलेलं. "उस्ताद, मी जपून चालवतो," तो म्हणाला. "हितनं नेली की थोडं दिस झ्याक, मग पुन्यांदा त्येच. कायतरी हितलंच ऱ्हातंय बगा."

"हितलंच?" नाथाजी खेकसला. "आता तू मला शिकीवणार व्हय रं? बस आत, आन् सांगीन तवा रेस दे. तेवढं तरी जमंल न्हवं?"

बादशहा आत बसला. नाथाजीनं बॉनेट उघडलं. प्लग काढून पाहिले, पॉइंट साफ केले, कॉइल तपासली. सगळं मागच्या खेपेला त्यानंच नवं घातलेलं. मग त्यानं शेडचं दार ओढून घेतलं, कारण चोरटी ठिणगी उजेडात दिसत नाही.

"दे रेस!"

दिसली. प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर निळी ठिणगी एका वायरीकडून दुसरीकडे सरपटत होती. सरपटत होती ती कुंकवावरून, आणि कुंकू नाथाजीचंच होतं. काम संपलं की तो नारळ फोडून पाणी शिंपडायचा आणि कुंकवाचं बोट ओढायचा. बाकीचे मेस्त्री बॉनेटवर लावायचे, म्हणून ते गावंढळ. जिथं ठिणगी जन्मते तिथं लावणारा तो एकटाच, आणि त्याचा केवढा तोरा! नारळाच्या पाण्यात भिजलेलं, तेलकट झालेलं ते कुंकू विजेला आयती वाट देत होतं. दर खेपेला त्यानं नवी टोपी बसवली होती आणि दर खेपेला तिच्यावर पुन्हा बोट ओढलं होतं.

बॉनेट आडवं असल्यानं बादशहाला काहीच दिसलं नाही. नाथाजीनं इंजिन बंद करायला लावलं, नवी टोपी बसवली, या खेपेला तिच्यावर बोट ओढलं नाही, आणि जुनी खिशात घातली. पुन्हा चालू केल्यावर इंजिन एकसुरात घुमू लागलं.

दार उघडताच लालासाहेबांनी विचारलं, "काय निघालं?"

नाथाजीचा हात खिशातल्या टोपीवर गेला. कुंकू, एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं म्हटलं की जन्मभर ज्यांना हसला त्यांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं.

"गाडीत काय न्हाई," तो म्हणाला. "पाय जड हाय ह्येचा."

"उतर रं खाली," लालासाहेब म्हणाले आणि स्वतः गाडीत बसून निघूनही गेले.

बादशहा पिशवी घेऊन फाट्यावर उभा राहिला. पुढच्या चढावर गाडी कुठंही न ठसकता चढत होती. आवाज विरेपर्यंत तो कान देऊन ऐकत राहिला. नाथाजीला आपलीच शिसारी आली होती, तरी खिशातली टोपी त्यानं बाहेर काढली नाही.

"म्हंजी माजाच पाय जड, उस्ताद," बादशहा हळूच म्हणाला. "मला वाटलं व्हतं, मी बरा चालवतो."

"व्हय," नाथाजी म्हणाला.