फळ्या ठोकलेलं ठाण

मालाच्या गाड्या घोडे ओढत होते, तेव्हाची ही गोष्ट. गोदामांच्या मागच्या रस्त्याला एक लांबट तबेला होता. खाली घोड्यांची ठाणी, वर गवताचा माळा आणि भिंतीला भिंत लावून घर. घोड्याने पाय आपटला की स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी वाजत. चामडं, तेल, घाम आणि वाळलं गवत यांचा मिळून एक वास त्या घरातल्या कपड्यांना कायम असे. ज्यांनी तो घेतला ते आता फार उरले नाहीत.

कारभार थोरल्या भावाच्या हातात होता. त्याला सगळे दादा म्हणत. मान जाड, हात जाड आणि राग नाकाच्या शेंड्यावर. धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली गाडी हाके आणि सांगितलं तेवढंच करी. या धाकट्याच्या बायकोला घरात धाकटी म्हणत.

धाकटीचे वडील घोडे वाढवून विकायचे. तिच्या लग्नानंतर लवकरच ते गेले आणि त्यांच्या कुरणातला शेवटचा घोडा तिच्याकडे आला. तांबड्या रंगाचा, रुंद छातीचा. तो शिंगरू असताना त्याची आई मेली, तेव्हा तिनेच त्याला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. माहेर म्हणून तिला आता तेवढाच उरला होता.

कुरणात तो चार घोड्यांत वाढलेला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तोंड गवतात. इथे आल्यावर त्याला ठाणात बांधलं. काम असेल तेव्हा गाडीला जुंपायचा, नसेल तेव्हा दार लावून आत. चंदीची, म्हणजे भिजवलेल्या हरभऱ्याची बादली दोन वेळा, गवत नावापुरतं. दादाचं म्हणणं असं, की गवताने पोट सुटतं आणि चंदीने छाती भरते. घोडा बादली झटक्यात संपवी आणि मग तासन्‌तास उभा राही, समोर नुसती भिंत.

थोड्याच दिवसांत त्याने दाराची कड कुरतडायला घेतली. आधी ढलप्या पडत. मग त्याने नवीनच काढलं. वरचे दात कडेवर रोवायचे, मान कमानीसारखी ताणायची आणि घशातून आवाज काढत हवा गिळायची. दिवसभर ते चालू.

नाल ठोकायला आलेला नालबंद ते बघत बसला. "दादा, हा घोडा नाही, सुतार आहे," तो म्हणाला. "मजुरी मागत नाही, तेवढं नशीब समजा."

तेव्हापासून घोड्याचं नाव सुतार पडलं.

दादाला मात्र हसू आलं नाही. त्याने दाराला डांबर फासलं. सुताराने डांबरासकट दार खाल्लं. मग दादाने मिरचीची पूड साबणात कालवून लावली. घोड्याचे ओठ सुजले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, आणि दार सोडून त्याने गव्हाणीची कड धरली. शेवटी दादाने चामड्याचा रुंद पट्टा आणला. तो गळ्याभोवती असा आवळायचा, की मान ताणली की घसा दाबला जावा.

"भावजी, त्याला गवत जास्त टाका," धाकटी म्हणाली. "आणि मागच्या आवारात सोडत जा जरा. कंटाळतो तो."

"कंटाळतो?" दादा म्हणाला. "मग पत्त्यांचा जोड आणून देऊ का?"

"चेष्टा नाही करत मी. आमच्याकडे हा असा नव्हता."

"तुमच्याकडे काय काय होतं ते दिसतंच आहे. बापाने खोडी लावली, आणि ती आम्ही पोसायची."

"बापाचं नाव काढू नका."

दादाने भावजयीवर कधी हात उचलला नाही. तेवढी एक मर्यादा त्याने पाळली होती. त्याने खुंटीवरचा चाबूक काढला आणि आत जाऊन घोड्याला तोंडावर, कानांवर, पुढच्या पायांवर मारलं. मारता मारता तो मागे वळून धाकटीकडे बघत होता. त्या दिवशी तिला कळलं की ती जे बोलेल त्याचा हिशोब सुताराच्या अंगावर होणार. तिने तोंड शिवून घेतलं.

मोठ्या जाऊबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. या घरात बोलतं कोण? चावतातच सगळे. घोडा घरच्या वळणावर गेला, एवढंच."

सुताराला एकच आसरा होता. शेजारच्या ठाणात एक म्हातारी करडी घोडी होती, आजीबाई. तिचा एक डोळा गेलेला, कामाला हलक्या गाडीपुरती. दोन ठाणांमधली भिंत छातीएवढीच उंच होती. आजीबाई वरून मान टाकायची आणि दोघं एकमेकांची आयाळ दातांनी खाजवत राहायची. ती शेजारी असली की सुतार लाकडाला तोंड लावत नसे. धाकटीने हे कितीदा पाहिलं होतं, पण सांगणार कोणाला?

मग एका सकाळी आजीबाईच्या दारावर दातांच्या खुणा दिसल्या. दोनचारच, तेही म्हातारीने मीठ चाटता चाटता केलेल्या असाव्यात. पण त्या काळी एकूण एक तबेल्यात असं धरून चालत, की लाकूड खाणं खरजेसारखं पसरतं, एकाचं बघून दुसरा शिकतो. दादाचे सगळे घोडे म्हणजे त्याची सगळी भाकरी. तो घाबरला, आणि दादा घाबरला की हातोडी घ्यायचा. संध्याकाळपर्यंत त्याने मधल्या भिंतीवर छतापर्यंत फळ्या ठोकल्या. दुसऱ्या बाजूलाही ठोकल्या. दाराच्या वरच्या अर्ध्या भागावरही ठोकल्या, फक्त बादली जाईल एवढी फट ठेवली.

"आता बघू कोणाला शिकवतो," तो म्हणाला.

आत अंधार झाला. सुतार पहिले काही दिवस खिंकाळत राहिला आणि पलीकडून आजीबाई उत्तर देत राहिली. मग तो गप्प झाला. एका जागी उभा राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलायचा. जमिनीत त्याच्या खुरांनी खळगे पडले. पट्ट्याखालचं कातडं सोललं आणि त्यावर माश्या बसू लागल्या. कोणी दाराशी आलं की कान मागे पाडून तो अंगावर यायचा. धाकटीचा नवरा त्याला रोज खरारा करायचा; त्याच हाताने त्याने एकदा फटीतून बादली आत सारली, आणि सुताराने त्याच्या करंगळीचं वरचं पेर तोडलं.

नवरा हात फडक्यात गुंडाळून ओट्यावर बसला. पांढराफटक पडला होता. दादा आला, त्याने फडकं उघडून बघितलं आणि परत गुंडाळलं.

"लाकडावरून मांसावर आला," तो म्हणाला. "आज मी आत जाणार. नमला तर नमला. नाही तर बंदूक आहे."

बंदूक घरात होतीच. पाय मोडलेल्या घोड्यासाठी ठेवलेली.

"अहो, त्यांना थांबवा," धाकटी नवऱ्याला म्हणाली.

नवरा फडक्याकडे बघत राहिला. "दादा कधी कोणाचं ऐकतो?"

"तुम्ही कधी सांगून बघितलंय?"

त्याने फडकं आणखी घट्ट आवळलं.

दादा दुपारी आत गेला, उजव्या हातात जाड सोटा आणि डावा हात पट्ट्यासाठी मोकळा. त्याने दार मागून ओढून घेतलं, घोडा निसटू नये म्हणून. बाहेरच्यांना आधी सोट्याचे आवाज आले. हाडावर बसलेला आवाज वेगळा असतो, तो तबेल्यातल्या माणसाला कळतो. मग दादाची शिवी. मग सगळं ठाण हादरलं.

नवऱ्याने दार उघडलं. सुताराने दादाचा खांदा दातांत धरला होता. एवढ्या अवजड माणसाला त्याने उचलून फळ्यांवर आपटलं, पुन्हा उचललं आणि पुन्हा आपटलं. सोटा केव्हाच खाली पडला होता. दादाचा सदरा फाटून रक्ताने काळा झाला होता. मग घोड्याने त्याला भिंतीशी दाबलं, आपल्या छातीचं सगळं वजन टाकून, आणि दादाच्या बरगड्या मोडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

नवऱ्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि घोड्याच्या डोक्यावर उगारली.

"मारू नका," धाकटी ओरडली. "माराल तर आणखी दाबेल. द्या ती इकडे."

तिने पहार त्याच्या हातातून हिसकली आणि आजीबाईच्या ठाणात घुसली. म्हातारी घोडी थरथरत मधल्या भिंतीला नाक लावून उभी होती. धाकटीने पहारेचं टोक फळीखाली घातलं आणि अंगाचा भार टाकला. खिळे किंचाळत निघाले. पहिली फळी निसटली तेव्हा तिच्यातल्या खिळ्याने धाकटीचा हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. तिने दुसरी काढली. तिसरी निम्मी मोडली, ती तिने तशीच वाकवली.

आजीबाईने त्या भोकातून मान आत घातली आणि फुरफुरली.

सुताराचे कान हलले. त्याने जबडा उघडला. दादा गोणीसारखा खाली कोसळला. घोड्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो वळला, रक्ताने माखलेलं तोंड त्याने म्हातारीच्या आयाळीत खुपसलं, आणि त्याचं सगळं अंग कापू लागलं. तेवढ्यात नवऱ्याने दादाला पायांना धरून बाहेर ओढलं.

डॉक्टरने खांदा शिवला, बरगड्या बांधल्या आणि महिनाभर हलायचं नाही असं बजावलं. दादा दुसऱ्याच सकाळी उठला. जाऊबाई मागून ओरडत होत्या. तो भिंतीला धरत धरत अंगणात आला, तेव्हा त्याच्या डाव्या हातात बंदूक होती.

तबेल्याच्या दारात धाकटा भाऊ उभा होता.

"बाजूला हो."

"नाही होत, दादा."

दादाला क्षणभर ऐकू आलं नसावं. "काय म्हणालास?"

"घोडा मारायचा नाही. फळ्या ठोकल्यावर तो पिसाळला. त्याच्या आधी नुसतं लाकूड खात होता. लाकूडच ना? खाऊ दे."

"बायकोने शिकवलं का हे?"

"हो."

दादाने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. नाक मोडलं. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं. तो दाराच्या चौकटीला धरून तसाच उभा राहिला. दादाने पुन्हा मारलं, या वेळी गालफडावर, आणि त्या हिसक्याने दादाच्याच खांद्याचे टाके सुटले. पट्टीतून लाल डाग पसरू लागला. धाकटी नवऱ्याच्या मागे उभी होती, फाटलेला हात छातीशी धरून. ती मधे आली नाही. मधे आली असती तर तो बाजूला झाला असता, हे तिला ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा उगारलेली बंदूक दादाला पेलली नाही. तो पाण्याच्या हौदाच्या काठावर बसला. बंदूक मांडीवर. मोडक्या बरगड्यांमुळे तो एकेक श्वास चोरून घेत होता.

"जा," तो शेवटी म्हणाला. "घेऊन जा तिचा घोडा. आणि तूही जा. या तबेल्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"आजीबाईपण लागेल," धाकटी म्हणाली.

दादाने मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती, आणि त्याबद्दल आत जाऊन घोड्याला मारण्याची त्याच्यात ताकद उरली नव्हती.

"ती आंधळी मरतुकडी? तिचं काय करणार?"

"शेजारी बांधणार."

जाऊबाईंनी घोडीच्या तोंडाला बांधायची मोहरकी स्वतः आणून धाकटीच्या हातात दिली. वर चंदीचं एक पोतंही आणलं, आणि दादा डोळे वटारून बघू लागला तशी त्याला म्हणाल्या, "बघा, बघा माझ्याकडे. आता घरात चावायला माझ्याशिवाय उरलंय कोण?"

उन्हं चढली तेव्हा दोघं रस्त्याला लागली होती. नवऱ्याचा चेहरा सुजून एक डोळा मिटला होता. सुताराच्या गळ्यातला पट्टा काढला होता. खालची जखम उघडी, तिच्यावर धाकटीने तुपात भिजवलेलं फडकं ठेवलं होतं. तिच्या वडिलांचं कुरण आता दुसऱ्याचं होतं, पण त्याच्या कडेची एक पडकी झोपडी आणि मागचं माळरान कोणी तरी भाड्याने देईल, अशी आशा होती.

पुलाअलीकडे एक लाकडी कठडा होता. सुतार थांबला. त्याने कठड्यावर दात रोवले, मान ताणली आणि घशातून तो आवाज काढत हवा गिळली. पुन्हा रोवले. पुन्हा गिळली.

नवऱ्याने दोराचं टोक हातात गुंडाळलं आणि हात वर उचलला. अगदी दादासारखा.

"मारा," धाकटी म्हणाली. "पण मग आपण उगाच निघालो."

तो हात थोडा वेळ तसाच वर राहिला. "हे सुटणार नाही का याचं?"

"कमी होईल. सुटायचं नाही कदाचित."

नवऱ्याने हात खाली घेतला, दोर सैल सोडला आणि कठड्याला टेकून नाकातलं रक्त बाहीने पुसलं. आजीबाई रस्त्याकडेच्या गवताला लागली होती. घोड्याचं होईपर्यंत दोघं तिथेच थांबली.