आबासाहेबांचा शौक

आबासाहेबांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही आणि त्याचं कारण साऱ्या लासुर्ण्यात एकट्या जयवंताबाईंना ठाऊक होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

नदीकाठी भावकी जमली होती. पिंड मांडलेले, समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली यायला तयार नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल ते एकेकानं ओळखायचं आणि हात जोडून शब्द द्यायचा, ही रीत. मुलगा राजवर्धन म्हणाला, "आबा, आईला मी सांभाळीन." कावळ्यानं मान वळवून चोच फांदीला घासली. मग थोरले दीर सर्जेराव पुढं झाले. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. "आबासाहेब, बांधावरचा आंबा तुमच्याच वाटणीचा. पुन्यांदा तोंड घालनार न्हाय त्यात." जन्माचं भांडण एका वाक्यात मिटलं, तरी कावळा हलला नाही. उन्हानं लोकांची टाळकी तापली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि मंडळी जेवायला उठली.

जयवंताबाईंच्या ओठांवर शब्द आले होते : तुमची पोर्ट आणून ठेवते. पण भरल्या दहाव्याला, माळकरी दिरासमोर, बाईनं नवऱ्याला दारूचा शब्द द्यायचा? मनाची नाही तरी जनाची लाज होतीच. त्यांनी शब्द गिळले आणि वर्षभर ते घशात अडकून राहिले.

आबासाहेब साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट. सगळी नोकरी दारू गाळण्याच्या खात्यात गेली, पण देशीच्या वासानंही नाक मुरडणारा माणूस. एकदा कारखान्याच्या अभ्यासदौऱ्याबरोबर ते ब्राझीलला गेले. संचालक मंडळींनी तिथं उसाचा किती अभ्यास केला ते त्यांचं त्यांना माहीत. आबासाहेब मात्र येताना विमानतळावरून एक काळसर बाटली घेऊन आले. जेवणं झाल्यावर दार लावून त्यांनी ती स्टीलच्या दोन वाट्यांत ओतली.

"ही पोर्ट, पोर्तुगालची," ते म्हणाले. "द्राक्षाचा रस आंबत असतोय न्हवं, त्यो अर्ध्यावरच थांबवत्यात. वरनं ब्रँडी ओतत्यात. मग राहिल्याली साखर हाय तशी राहती."

साखरेत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं कौतुक पुरे होतं. जयवंताबाईंनी पदर सावरून आधी नुसती जीभ बुडवली. मनुका, भाजलेला अक्रोड, तळाला काकवीसारखा किंचित कडवट गोडवा आणि मग छातीतून सावकाश खाली उतरणारी ऊब. त्यांनी वाटी निपटून काढली.

तेव्हापासून रविवार ठरला. पाहुणे असले की बाटली धान्याच्या कोठीत. एक संपायच्या आत दुसरी यायची. कुठून, ते त्यांनी कधी विचारलं नाही. आबासाहेब आपली अर्धी वाटी प्यायचे आणि उरलेली त्यांच्या वाटीत ओतायचे. "मला पेंग आली. तू संपव." त्या संपवायच्या. शौक नवऱ्याचा, आपण नुसत्या सोबतीला, अशी मनाची समजूत घालून संपवायच्या. आपल्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतात असं नाही, आपल्या आवडीनिवडींवरही तेच घालून ठेवतात.

शेवटची बाटली आबासाहेबांच्या आजारपणातच संपली. ते गेले आणि घर एकदम मोठं झालं. राजवर्धन पुण्यात. सून संस्कृती रविवारी फोनवर तोंड दाखवायची, "आई, जेवलात?" विचारायची, आणि जेवलात म्हटलं की बोलणं संपायचं. पण जयवंताबाईंना एक आधार होता. कावळा शिवला नाही म्हणजे माणूस अडकलाय, आणि अडकलाय म्हणजे इथंच कुठंतरी आहे. त्या त्याच्याशी बोलायच्या. गाय आटली, कालव्याला पाणी सुटलं, सर्जेरावांनी पाटीभर आंबे खरंच आणून दिले. सगळं सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "तुमचं तेवढं काम वर्षश्राद्धाला करते. कळ काढा."

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी त्यांच्या जिवाला टोचणी लागली. इंदापुरात दारूची दुकानं होती, पण तिथं निम्मा बाजार सोयऱ्यांचा. म्हणून त्या एसटीनं बारामतीला गेल्या. दुकानासमोरच्या औषधांच्या दुकानात उगाच गोळ्या घेतल्या, गर्दी ओसरायची वाट बघितली आणि पदर पुढं ओढून जाळीपाशी उभ्या राहिल्या.

"पोर्ट हाय का?"

दुकानदारानं मान न उचलता विचारलं, "कुनासाठी, आज्जी?"

"पावन्यांसाठी."

त्यानं एक स्वस्तातली बाटली पुढं सरकवली. नाव पोर्टच होतं. घरी येऊन त्यांनी चाखली तर साखर घातलेलं खोकल्याचं औषध! आबासाहेबांपुढं हे ठेवलं असतं तर कावळा गाव सोडून गेला असता. त्यांनी ते मोरीत ओतलं आणि पुन्हा बारामती गाठली.

"ही न्हवं. पोर्तुगालची पायजे. ब्रँडी घातल्याली."

आता त्यानं मान उचलून नीट बघितलं. "असली हितं कोन घेतंय, आज्जी? हितं बियर, न्हाय तर व्हिस्की. एक पेटी मागवली तर माझ्या पोराच्या लग्नापतोर धूळ खात पडंल. पुन्यात बघा, तितंबी मिळंलच असं न्हाय."

मागं उभा असलेला कुणीतरी हसला. जयवंताबाई कानकोंड्या होऊन बाहेर पडल्या. त्याच संध्याकाळी राजवर्धनचा फोन आला, "श्राद्धाला येताना काही आणू का?" शब्द अगदी दातांपर्यंत आले. "खारी आण," त्या म्हणाल्या.

मग त्यांना अमीर मुलाणी आठवला. कारखान्याच्या गाडीवर बरीच वर्षं आबासाहेबांचा ड्रायव्हर. आता अंथुर्ण्यात रस्त्याकडेला टायरचं दुकान चालवायचा. जयवंताबाई गेल्या तेव्हा त्याच्या बायकोनं, सायराबानूनं, चहा ठेवला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झालं आणि मग त्यांनी खाली बघत विचारलं.

"अमीरभाऊ, सायेब ती बाटली कुठनं आनायचे?"

अमीरनं आश्चर्य दाखवलं नाही. "पुन्यातनं. मी गाडीतच बसायचो, वहिनी, आपल्याला चालत न्हाय त्ये. पन सायेब दुकानामागनं दुकान हिंडायचे. एकदा तर आख्खा कॅम्प पालथा घातला. चला, मी नेतो."

दोन दिवसांनी तो आपली जुनी गाडी घेऊन दारात आला. भिगवणच्या पुढं गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा तो आपणहून बोलला.

"मी त्येनला म्हनायचो, सायेब, एवड्या गोड पान्यासाठी कशाला वनवन? तर हसायचे. म्हनायचे, मला कुठं आवडती रे ती, चिकाट नुसती. पन तिला लई आवडती. आन ती एकटी प्यायची न्हाय, म्हनून मी बसतो संगं."

जयवंताबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. उसाच्या ट्रॉल्या मागं पडत होत्या. त्यांना रडू आलं आणि रागही आला. एवढी वर्षं अर्धी वाटी आपल्या वाटीत ओतून हा माणूस पेंग आल्याचं सोंग करत होता, आणि आपण त्याच्या शौकाला सांभाळून घेतोय असं समजत होतो. मग दहाव्याला कावळा कशासाठी अडला होता? विचार करता करता त्यांना उत्तर सापडलं. इच्छा नव्हतीच त्यांची, काळजी होती. आता हिला कोण आणून देणार, हिच्यासोबत कोण बसणार.

पुण्यात पहिल्या दुकानात नव्हती, दुसऱ्यात नुकतीच संपली होती. तिसऱ्या दुकानात त्या पदर मागं टाकून आत गेल्या. "पोर्तुगालची पोर्ट. मलाच पायजे," त्या म्हणाल्या. वरच्या फळीवर धूळ बसलेली एक होती. त्यांनी ती स्वतःच्या हातानं घेतली.

वर्षश्राद्धाला घर भरलं. स्वयंपाक झाला, पान वाढलं. खीर, वडे, आळूची भाजी. सर्जेरावांनी ते गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. जयवंताबाई पिशवीत बाटली घेऊन मागं उभ्या राहिल्या. या वेळी कुणाची भीड धरायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दिरासमोर, सुनेसमोर, मोठ्यानं सांगायचं : माझी मी आणीन, माझी मी पिईन, माझी काळजी करू नका. वर्षभर गिळलेलं एकदाचं बाहेर काढायचं. त्यांनी हात जोडले, घसा साफ केला.

सर्जेराव अजून वळलेही नव्हते, तोवर कावळा आला. थेट पानावर. वडा उचलला, शेजारच्या छपरावर गेला. मागोमाग दुसरा, तिसरा.

"शिवला! शिवला!" खालून पोरं ओरडली. संस्कृतीनं फोनमध्ये फोटो काढला. सर्जेरावांनी डोळे पुसले. "सुटला माझा भाऊ. वर्सानं का व्हईना, सुटला."

सगळे एकमेकांकडं बघून हसत होते. जयवंताबाईंचे हात तसेच जोडलेले होते. "अवो, थांबा की जरा," त्या पुटपुटल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. कावळ्यांनी खीरसुद्धा संपवली.

दुपारी पंगती उठल्या. राजवर्धन निघताना म्हणाला, "आई, चल की पुण्याला." तो दर वेळी म्हणायचा. त्या "बघू" म्हणाल्या. गाडी गेली, सर्जेराव घरी गेले, अंगण झाडून झालं.

उन्हं कलल्यावर जयवंताबाईंनी बाटली उघडली आणि एक वाटी काठोकाठ भरली. चव तीच होती. मनुका, अक्रोड, काकवी, छातीतली ऊब, कशात काही कमी नव्हतं. त्यांनी वाटी संपवली आणि सवयीनं बोलायला लागल्या, "पोरं गेली बरं का, खारी दिलीया आनून—"

आता हे सांगायचं कुणाला? वर्षभर त्या घरात एक माणूस अडकून होता. आज तो गेला होता, त्यांचं एक वाक्य ऐकायलासुद्धा न थांबता.