खोळीतला पट्टा

मी आष्टी तालुक्यातल्या एका दूध संस्थेची जुनी पिकअप आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. माझा मूळ रंग पांढरा होता की पिवळा, यावर गावात अजून वाद होतात. मित्रांनो, म्हाताऱ्या गाड्या फार कुरकुरतात असं लोक म्हणतात. कुरकुरतात, कारण त्यांचं कोणी ऐकत नाही! आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर जरा ऐकून घ्या.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पुढच्या सीटला फक्त कमरेचे पट्टे होते. त्यातला एक कुणीतरी कापून वासराला दावं म्हणून नेला. ड्रायव्हरच्या बाजूचा तेवढा वाचला. मी संस्थेत आले त्या दिवशी माझ्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, पेढे वाटले. वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि आष्टीला पोचवायचं, हे माझं काम. माझा ड्रायव्हर त्रिंबक. गाडी चालवताना तो गाणी म्हणायचा आणि सगळी बेसूर म्हणायचा. पण खड्डा आला की मला हळूच उतरवायचा, म्हणून मी त्याची गाणी सहन केली.

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, दूध आटलं आणि संस्थेनं जनावरांसाठी छावणी उघडली. माझ्या हौद्यात दुधाचे कॅन कमी आणि चाऱ्यासाठी आणलेलं उसाचं वाढं जास्त दिसू लागलं. मागं काही दिसायचं नाही इतकं भरायचे मेले! अशाच एका खेपेला पुढचा पाण्याचा टँकर वळणावर एकाएकी थांबला. त्रिंबकनं करकचून ब्रेक दाबला. कमरेच्या पट्ट्यानं कंबर धरली, पण छाती जाऊन स्टिअरिंगवर आदळली. बरगड्या मोडल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "खांद्यावरून पट्टा असता, तर एवढं झालं नसतं."

त्रिंबकची बायको छबुबाई तिथंच उभी होती. ती पदर खोचून तडक संस्थेच्या ऑफिसात गेली. मी बाहेरच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, एवढ्या जुन्या गाडीला पट्टे कावून पायजेत?" चेअरमन मोहनराव म्हणाले. "तालुक्यात हायेत का कुणाच्या असल्या गाडीला?"

"गाडी जुनी हाय, चेअरमन. आतला माणूस जुना न्हाई," छबुबाई म्हणाली. "तुमच्या बरगड्या मोडल्या असत्या, तर इचारलं असतं का तुमी?"

मोहनरावांनी तिथल्या तिथं पट्ट्यांच्या खर्चावर सही केली. असं सहसा होत नसे.

पट्टे बसवायला मला बंकट मिस्त्रीकडं नेलं. त्यानं आधी सीटमागच्या पत्र्यावर ड्रिल टेकवलं. माझा जीव वरखाली झाला. अरे, तिथं गंजलंय! पण त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं आणि स्वतःच मान हलवली. "हितं न्हाई जमायचं. धक्का बसला की पट्ट्यासंगं पत्राबी सोलून यील." मग त्यानं दारामागच्या जाड खांबाला भोक पाडलं, आतून लोखंडी पट्टी देऊन वर बोल्ट आवळला. खालचं टोक तळाला घट्ट केलं, पट्टा अडकवायचा खटका सीटच्या कडेला बसवला. मग खांबाला पाय लावून सगळ्या ताकदीनं पट्टा ओढून पाहिला. मला लई दुखलं. पण खोटं कशाला बोलू, मी मनातून खूश होते. जुना कमरेचा पट्टा त्यानं भंगारात फेकला.

आणि दुसऱ्या दिवशी छबुबाई दोन खोळी घेऊन आली.

जुन्या फुलाफुलांच्या पातळाच्या, हातानं शिवलेल्या लांबलचक खोळी. तिनं पट्ट्यांना त्या चढवल्या, वर बटणं लावली. "नवेकोरे हायेत. धुरळा बसंल, दुधाचे डाग पडत्याल," ती म्हणाली. मोहनरावांना ते इतकं आवडलं की म्हणाले, "संस्थेची वस्तू अशी जपावी!"

काय बोलावं, मित्रांनो? जिनं भांडून पट्टे आणले, तिनंच ते गुंडाळून ठेवले! तुमच्याही घरी असतील ना, फळीवरचे नवे पेले? पाहुणे आले की निघतात, चहा झाला की परत फळीवर. माझ्या पट्ट्यांची तीच गत. छावणी बघायला जिल्ह्याचे साहेब आले, तेव्हा मोहनरावांनी खोळ काढून स्वतः त्यांना पट्टा लावला. साहेब उतरले आणि पट्टा पुसून परत खोळीत. त्रिंबक मात्र तसाच बसायचा. "माझा शर्ट दुधानं आंबलेला. पट्टा खराब करू का?" म्हणायचा. आणि जुना पट्टा तर भंगारात गेलेला! म्हणजे आधी अर्धा तरी बांधलेला असायचा, आता पुरता मोकळा.

मी दार करकर वाजवलं. त्यानं बिजागरीला तेल सोडलं. मी काच खडखडवली. त्यानं फटीत कागदाचा बोळा कोंबला. खड्ड्यात मुद्दाम आदळले, तर म्हणाला, "म्हातारे, नीट चाल की!" मी नीटच चालते रे बाबा, तू नीट बस!

एका सकाळी छबुबाई आष्टीच्या बाजाराला म्हणून शेजारी बसली. छावणीजवळ आलो, तोच एक म्हैस दावं तोडून पाण्याच्या हौदाकडं सुसाट निघाली आणि थेट माझ्यापुढं आली. त्रिंबकनं ब्रेक दाबला. त्याच क्षणी त्यानं डावा हात बायकोसमोर आडवा धरला. ती वाचली. तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये त्याचा हात चिरडला आणि डोकं जाऊन काचेवर आपटलं.

लोक धावले. त्याला उतरवलं तेव्हा फुलाफुलांच्या खोळीवर रक्ताचे शिंतोडे होते. आतला पट्टा मात्र कोरा करकरीत. छबुबाईनं ते पाहिलं आणि तिनं हंबरडा फोडला. "मीच शिवली वो ही! तुमाला जपायला पट्टा आणला आन मी त्यालाच जपत बसले!"

मला तिचा राग यायला हवा होता. नाही आला. रडू आलं.

त्रिंबकचं डोकं बरं झालं, पण डावं मनगट पुन्हा सरळ झालं नाही. गिअर त्याच्यानं टाकवत नाही. आता मला नवा ड्रायव्हर राधाकिशन चालवतो आणि त्रिंबक खिडकीशी बसून दूध मोजायला येतो. गाणी अजून तशीच बेसूर आहेत. त्या खोळींची फडकी झाली, त्यांनी माझ्या काचा पुसतात.

रोज सकाळी छबुबाई येते, दार उघडते आणि स्वतःच्या हातानं त्रिंबकचा पट्टा लावते.

"अगं, माझा उजवा हात हाय की धड," तो म्हणतो.

"असू द्या," ती म्हणते आणि पट्टा ओढून बघते. राधाकिशननं लावला नसेल, तर बोनेटसमोर येऊन उभी राहते. हलत नाही.

माझे पट्टे आता घामानं, दुधानं काळपट झालेत. परवा मोहनराव म्हणाले, "पाहुणे येणारेत, जरा धुऊन झाकून ठेवा." छबुबाईनं काच पुसायचं ते फुलाफुलांचं फडकं त्यांच्यासमोर धरलं. ते चष्मा पुसत आत गेले.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. मला रंग देऊ नका, हार घालू नका. माझे पट्टे मळवा, झिजवा, फाटले तर नवे आणा. तो खटका बसल्याचा आवाज ऐकला की मी पहिल्याच चावीला सुरू होते. त्याआधी चावी फिरवाल, तर मी कुरकुरणारच.